न मोजलेलं दार

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास साइट इंजिनिअरचा फोन आला. तो म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या मजल्यावर तुम्ही नकाशात दार दाखवलंय ना, बायकांच्या वॉर्डच्या शेवटच्या भिंतीत? ते इथे नाहीये." मी म्हटलं, "नाहीये म्हणजे? कोणी पळवलं?" माझी ही खोडच आहे. समोरचा चूक दाखवायला लागला की आधी तोंड सुटतं, डोकं मागून येतं. तो बिचारा हसला नाही. "भिंतीसमोरच उभा आहे मी. सरळ भिंत आहे. हात फिरवून बघितला." मी म्हटलं, तू दुसऱ्याच भिंतीसमोर उभा असशील, जिना चढून डावीकडे वळायचं असतं, उजवीकडे नाही. तो म्हणाला, "डावीकडेच वळलोय, मॅडम. इथे भिंतीवर निळ्या रंगात अकरा आकडा आहे." अकरा म्हटल्यावर मी एवढंच म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि खणातून मोजणीची वही काढली.

छत्तीस वर्षं मी नकाशे काढतेय. आधी शाई आणि बोरूच्या टोकासारखी पेनं, मग पेन्सिल, मग कॉम्प्युटर. ऑफिसात सगळ्यांच्या हातात तो लाल ठिपक्याचा लेसर आला तरी माझ्या पर्समध्ये अजून पन्नास मीटरची टेप असते, म्हणून मला मागून टेपमावशी म्हणतात. मला माहीत आहे आणि मला ते आवडतं. मोठे साहेब, म्हणजे हल्लीच्या साहेबांचे वडील, त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती: जे मोजलं नाही ते काढायचं नाही. आठवतं म्हणून नाही, असणारच म्हणून नाही, शेजारच्या खोलीत आहे म्हणून इथेही असेल असं धरून तर मुळीच नाही. मोजलं नसेल तर कागद कोरा ठेवायचा आणि परत जायचं. छत्तीस वर्षांत हे मी किती नव्या पोरापोरींना ऐकवलं असेल! नाकाने कांदे सोलत ऐकवलंय. आणि आता वहीत दुसऱ्या मजल्याचं पान माझ्यासमोर होतं. माझंच अक्षर, माझेच बाण, वॉर्डची लांबी बावीस मीटर, खिडक्यांच्या कडा जमिनीपासून दीड मीटर, आणि शेवटच्या भिंतीवर एक सरळ रेघ. दार नव्हतं. मी दार मोजलं नव्हतं, कारण मोजायला तिथे काही नव्हतं. नकाशात मात्र ते होतं, एक मीटर रुंद, दार कुठवर उघडतं ते दाखवणाऱ्या पाव गोलासकट, बाहेर व्हरांड्याकडे उघडणारं. मीच काढलेलं. काढल्याचं मला आठवत नव्हतं. मी पाण्याचा अख्खा पेला एका दमात प्यायले.

साहेबांना काही न बोलता मी पर्स उचलली आणि निघाले. टॅक्सीत बसल्यावर वाटलं, सांगायला हवं होतं. पण सांगायचं ते तीन महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. हे काम ऑफिसात आलं तेव्हा साहेब म्हणाले होते, जुनं क्षयाचं हॉस्पिटल आहे, वीस वर्षं बंद पडलंय, आता त्यात घरं होणार, बाहेरून जसंच्या तसं ठेवायचं आणि आतून फ्लॅट. तुम्ही मोजणी घ्याल ना? मी म्हटलं, घेईन की. माझी आई तिथे होती, हे म्हटलं नाही. का म्हणायचं? दाताचा डॉक्टर काय प्रत्येक दाताला सांगतो का, की माझाही दुखला होता. आणि खरं सांगायचं तर तिथे घरं होणार याचं मला वाईट वाटलं नव्हतं. लोक हळहळतात, अरे रे म्हणतात, रस्त्यावरून जाताना फोटो काढतात. मला वाटलं, बरंच झालं. त्या खोल्यांमधून पोरं धावतील, कोणीतरी भांडी घासत गाणं म्हणेल, नवराबायको टीव्हीच्या आवाजावरून भांडतील. खोकल्याखेरीज दुसरा कुठला आवाज त्या भिंतींनी ऐकावा तरी. फाटकावर बिल्डरने भलामोठा बोर्ड लावला होता, 'ऊन, वारा आणि इतिहास असलेली घरं'. ऊन आणि वारा ठीक आहे, इतिहास कुठे टांगायचा ते ज्याने त्याने बघावं.

इंजिनिअर फाटकाशीच उभा होता. पंचेचाळीसचा असेल, टक्कल पडलंय, त्यामुळे हेल्मेट कधीच काढत नाही. मी त्याला मनात हेल्मेटच म्हणते. तो म्हणाला, "मॅडम, एवढ्यासाठी तुम्ही कशाला आलात, फोनवर झालं असतं." मी म्हटलं, माझी चूक आहे तर मीच बघते. आम्ही अंगणातून चाललो. अंगण म्हणजे समोरचं मोकळं आवार, मधोमध झेंड्याच्या खांबाचा गोल दगडी ओटा. खांब गेलाय, ओटा आहे. मोजणीच्या वेळी मी त्याचा व्यास घेतला होता, दोन मीटर चाळीस, आणि मनाशी म्हटलं होतं, एवढासाच? मी आठ वर्षांची होते तेव्हा त्यावर चढायला बाबांचा हात लागायचा. बारा वर्षांखालच्या मुलांना वर वॉर्डात सोडत नसत. दर रविवारी चार वाजता बाबा मला त्या ओट्यावर उभं करायचे आणि म्हणायचे, बघ, वर बघ, तिसरी कमान. दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्याला तीन कमानी, त्यातल्या तिसऱ्या कमानीत हिरवी शाल डोक्यावरून घेतलेली आई यायची आणि हात हलवायची. मीही हलवायची. मग बाबा मला रखवालदाराजवळ सोपवून वर जायचे. दादा पंधरा वर्षांचा होता, त्याला परवानगी होती, तो आधीच वर गेलेला असायचा. त्याचा मला असा राग यायचा! सगळं त्यालाच. मला फक्त लांबून हात.

वर गेलो. वॉर्ड रिकामा, खिडक्यांना काचा नाहीत, जमिनीवर कबुतरांचा पसारा. भिंतीवर डोक्याच्या उंचीला खाटांचे नंबर अजून आहेत, निळे, गोल अक्षरातले. अकरा म्हणजे शेवटची खाट. हा नंबर मला पाठ होता, कारण बाबा डब्याच्या झाकणावर कागद चिकटवायचे, 'खाट ११'. शेवटच्या भिंतीशी जाऊन मी हात लावला. सपाट. पिवळट चुना हाताला लागला. हेल्मेटने नकाशा पसरला आणि समजावून सांगायला लागला, जसं काही तो मी काढलाच नव्हता. ही भिंत संपली की पलीकडे व्हरांड्याचं टोक, तिसरी कमान. वॉर्ड पुढे आलेला असल्यामुळे व्हरांडा येऊन या भिंतीवर आपटतो. इथे एक दोन खोल्यांचं घर बसवलंय, आणि त्या घराची बाल्कनी म्हणजे ही तिसरी कमान. तुमच्या दारातून बाल्कनीत जायचं असं धरून सगळी आखणी झालीय. "आता दारच नाही म्हटल्यावर बाल्कनी गेली," तो म्हणाला. "नवीन भोक पाडायला वारसा समिती देत नाही. एक बोट देत नाही. जुनं असेल ते वापरा म्हणतात." मी म्हटलं, माहितेय मला.

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, खरं तर तिथे आमच्याखेरीज कोणी नव्हतं, आणि म्हणाला, "एक सुचवू का? बुजवलेलं दार म्हणून दाखवा. पूर्वी होतं, नंतर विटांनी बंद केलं. असं तर जुन्या इमारतींत शंभर ठिकाणी असतं. बुजवलेलं उघडायला समितीची ना नाही." मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं मी चिडले. तो घाईने म्हणाला, "म्हणजे तुम्ही काढलंय म्हणजे काहीतरी बघून काढलं असेल ना, मॅडम. तुम्ही उगाच थोडंच काढाल." हे ऐकून मला रडूच आलं असतं. चिडले कुठे होते! मला तर वाटलं, अरे, हेच. हेच असणार. दार होतं. असायलाच हवं. नाहीतर आई कशी यायची? खाट अकरा या भिंतीला टेकलेली, भिंतीत दार, दारापलीकडे तिसरी कमान. मोजणीच्या वेळीच मी टेप लावून पाहिली होती, खाटेच्या जागेच्या मधल्या बिंदूपासून भिंत, भिंतीची जाडी, पलीकडे कमानीचा कठडा, सगळं मिळून चार मीटर दहा. चार मीटर तर कोणीही चालेल. भिंतीला धरून, दाराच्या चौकटीला धरून, चार मीटर.

मी म्हटलं, "छिन्नी आहे का?" तो म्हणाला, माणसाला बोलावतो. मी म्हटलं, माणूस नको, छिन्नी आण. आणली. साडीचा पदर खोचला आणि मीच खरवडायला लागले. बुजवलेलं दार लपत नाही. वर कमान नाहीतर दगडी पट्टी असते, दोन्ही बाजूंना उभी सरळ फट असते, मधल्या विटा वेगळ्या भट्टीच्या असतात, रंगाने ओळखू येतात. मी कमरेच्या उंचीला आडवं खरवडत गेले, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, मग डोक्याच्या वर. हेल्मेट मध्येमध्ये, "द्या मॅडम, मी करतो," म्हणत होता आणि मी देत नव्हते. चुना डोळ्यांत गेला. आतून विटा निघाल्या, लालभडक, इतक्या वर्षांनी कालच्यासारख्या, आणि प्रत्येक वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर नीट बसलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच हाताचं, एकाच दिवसातलं काम. उभी फट कुठेच नाही. ज्या कोणा गवंड्याने ती भिंत बांधली त्याला मी मनातल्या मनात एक शिवी दिली. इतकं चोख काम करायची काही गरज होती का?

हेल्मेट हळूच म्हणाला, "प्लास्टर परत करून टाकू. कोण बघतंय." छिन्नी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, टेपचं हे टोक धर, अकरा आकड्याखाली. त्याने धरलं. त्याला वाटलं असेल, म्हातारीला वेड लागलं. मी चालायला लागले. वॉर्डच्या दारापर्यंत सारा वॉर्ड ओलांडायचा, बावीस मीटर. तिथून बाहेर बोळ, जिन्यापर्यंत चौदा. मग तीन पायऱ्या वर, सिस्टरांची खोली, सहा मीटर. तिच्यातून व्हरांड्यात आलं की तिसऱ्या कमानीपर्यंत पाच. सत्तेचाळीस मीटर आणि तीन पायऱ्या. वॉर्डमधून त्या व्हरांड्यात यायला दुसरी वाट नव्हती. पेशंटांचा उन्हात बसायचा सज्जा मागच्या बाजूला, बागेकडे. हा पुढचा व्हरांडा सिस्टरांचा. तो मी महिन्यापूर्वी स्वतः मोजला होता, खोलीवर स्वतः लिहिलं होतं, 'परिचारिका'. सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं.

तिसऱ्या कमानीत मी कठड्याला टेकून उभी राहिले. खाली ओटा दिसत होता, छान दिसत होता, त्यावर उभं असलेलं मूल अगदी फ्रॉकच्या रंगासकट दिसलं असतं. आणि मला चमचा आठवला. इतकी वर्षं आठवला नव्हता असं नाही, पण या जागी ठेवून आठवला नव्हता. थंडी पडायला लागली होती, बाबा जेवताना आत्याला म्हणाले होते, "आता चमचासुद्धा धरवत नाही तिला." मी पाटी पुसत होते. आत्याने डोळ्यांनी खूण केली आणि बाबा गप्प बसले. त्याच्या पुढच्या रविवारी आई तिसऱ्या कमानीत आली होती आणि तिने हात हलवला होता. त्याच्याही पुढच्या रविवारी. साऱ्या थंडीत एकही रविवार चुकला नव्हता. जिला चमचा धरवत नाही ती सत्तेचाळीस मीटर चालत येते, तीन पायऱ्या चढते? आठ वर्षांच्या मुलीला मीटर कळत नव्हते. मला कळतात. म्हणून मी दार काढलं. माझ्या हाताने माझ्या नकळत त्या मरायला टेकलेल्या बाईची वाट चार मीटरवर आणून ठेवली.

आणि आणखी एक. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. त्या थंडीत आई मला जाड दिसायला लागली होती. शाल तीच, पण आतलं अंग भरलेलं, खांदे गोल. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं, आई गुबगुबीत झालीय, आता ती बरी होणार. बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले होते. मी दिवस मोजले. आईने हॉस्पिटलात जाताना म्हटलं होतं, तुझ्या सुट्टीपर्यंत येते बघ. सुट्टी लागली, आई आली नाही. एवढी गुबगुबीत होऊन आली नाही! त्या रविवारी बाबांनी मला ओट्यावर उभं केलं, वर बघ म्हणाले, आणि मी पाठ फिरवली. हाताची घडी घातली, डोळे गच्च मिटले. कट्टी. बाबांनी खांदे धरून वळवायला पाहिलं, मी पाय रोवून उभी. "चिमे, आई हात हलवतेय गं." हलवू दे. मी नाही हलवला. तो शेवटचा रविवार. बुधवारी आई गेली.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो होता तोपर्यंत. मुलीला नाही. एक्कावन्न वर्षं मला हात हलवणारं कोणीही दिसलं की आधी मी हात वर करते, बसच्या खिडकीतलं अनोळखी मूल असो की पलीकडच्या फुटपाथवर दुसऱ्याच कोणाला बोलावणारा माणूस. लोक हसतात. मुलगी म्हणते, आई, तो तुला नव्हता करत. नसेल. माझं काय जातं? आणि आता त्या कठड्याला धरून मला कळेना की आपल्याला बरं वाटतंय की वाईट. तिथे आई नसेलच तर मी पाठ आईकडे फिरवली नव्हती. मग सुटले मी. पण मग त्या सगळ्या रविवारी मी हात कोणाला केला? जे एवढंसं माझ्या वाट्याला आलं होतं, दादाच्या मानाने एवढंसं, तेही माझं नव्हतं का? बुजवलेलं दार म्हणून लिहिलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं? त्या घराला बाल्कनी मिळाली असती आणि मला आई.

हेल्मेट टेप गुंडाळत आला. "मग काय करायचं, मॅडम?" मी म्हटलं, "सलग भिंत. दार नाही, कधी नव्हतं. माझी चूक. संध्याकाळी नकाशा दुरुस्त करून पाठवते, साहेबांना मीच सांगते." त्याचं तोंड उतरलं. "आणि बाल्कनी?" मी म्हटलं, "सिस्टरांच्या खोलीचं घर मोठं करा, तिच्या दारातून बाल्कनी आहेच की. इकडच्या घराला मागचा सज्जा द्या, ऊन तिकडेच चांगलं आहे." तो नकाशाकडे बघत डोकं खाजवायला गेला आणि हेल्मेटच खाजवलं. म्हणाला, "बसेल तसं. बसेल बहुतेक." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमच्या केसांत चुना आहे." मी म्हटलं, राहू दे.

तिथून मी तडक दादाकडे गेले. दादा आता सहासष्ट. बस चालवायचा, निवृत्त झाला, आता खिडकीशी टेबल टाकून लोकांचे बिघडलेले पंखे आणि मिक्सर उघडून बसतो. वहिनीने दार उघडलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे काय, भिंतीतून आलात की काय?" मी म्हटलं, जवळजवळ. ती टॉवेल आणायला आत गेली. दादाने चष्म्यावरून पाहिलं. मी समोर बसले आणि प्रस्तावना-बिस्तावना न करता म्हटलं, "दादा, तिसऱ्या कमानीत कोण यायचं?"

तो स्क्रू काढत होता. काढत राहिला. एक स्क्रू वाटीत टाकला, दुसरा टाकला. मग म्हणाला, "आधी आईच यायची. पावसाळाभर यायची. सिस्टरांच्या खोलीतून जायची, त्या जाऊ द्यायच्या. मध्ये दोनदा बसायची दमून." मी म्हटलं, "आणि थंडीत?" दादा म्हणाला, "थंडीत कुठली येते? उठवत नव्हतं तिला." एवढं म्हणून तो थांबला. वहिनी टॉवेल घेऊन दारातच उभी राहिली.

"एक सिस्टर होती," दादा म्हणाला. "बुटकी, जाडशी. घड्याळ इथे छातीवर उलटं लावायची. आईच तिला म्हणाली, माझी मुलगी खाली उभी राहते, तिला कोणी दिसलं नाही तर ती घाबरेल. तर ती म्हणाली, द्या तुमची शाल. चार वाजता आईच्या पायावरची शाल काढायची, डोक्यावरून घ्यायची आणि जायची. परत आली की शाल पायावर घालायची आणि सगळं सांगायची. आज निळा फ्रॉक आहे. आज दोन वेण्या आहेत, एक सुटलीय. आज एका पायावर उभी होती. आई आठवडाभर त्यावरच जगायची. मी गेलो की मला विचारायची, वेणी कोणी घातली रे, आत्याने का? एकच सुटली की दोन्ही?" दादा हसला. "मला कंटाळा यायचा. म्हणायचो, मी एवढा इथे बसलोय आणि हिला वेणीचं पडलंय. सगळं चिमीचंच."

मी त्याच्याकडे बघत राहिले. एक्कावन्न वर्षं मी ह्याच्यावर जळले आणि हा खाटेजवळ बसून माझ्यावर जळत होता. मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "बाबांनी शपथ घातली होती. आणि मग काय सांगायचं? तू सगळ्यांना सांगत फिरायचीस, आई मला हात करायची. घ्यायचं का काढून ते?" आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी आठवलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "शेवटचा रविवार मला पक्का आठवतो," तो म्हणाला.

दादाला काय माहीत होतं? तो वर होता, खाली काय झालं ते त्याने पाहिलं नव्हतं. पण तिने पाहिलं होतं. शाल घेऊन कमानीत आली होती, हात हलवत राहिली होती आणि तिला माझी पाठ दिसली होती. मग सत्तेचाळीस मीटर चालत ती परत गेली होती आणि खाटेवरची बाई डोळे लावून वाट बघत होती. मी म्हटलं, "काय म्हणाली ती?" वहिनीने टॉवेल माझ्या खांद्यावर ठेवला आणि हात तिथेच राहू दिला.

"आली," दादा म्हणाला, "शाल काढली, पायावर घातली, नीट खोचली. जरा वेळ बोललीच नाही. आई म्हणाली, काय हो? आली नव्हती का? तर ती म्हणाली, आली होती तर! आज काय तिचा थाट! आज तिने दोन्ही हात हलवले. असे, डोक्यावर नेऊन. तेवढ्यात बाबा आले वर, धापा टाकत. आईने त्यांना विचारलं, खरंच का हो, दोन्ही? बाबा दाराशीच थांबले. सिस्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, हो, दोन्ही हातांनी." दादाने चष्मा काढला आणि शर्टाने पुसायला लागला. "आणि चिमे, तिने पांघरुणातून हात बाहेर काढले. दोन्ही. एवढेच उचलले, एवढेच, वीतभर, आणि हलवले. मला नव्हे, सिस्टरला नव्हे. तिकडे भिंतीकडे बघून. तुलाच करत होती ती. बस, तेवढंच. मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाचं."

तो बराच वेळ चष्मा पुसत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी, येऊ दे, येऊ दे, म्हणत होतं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. हाताची घडी, मिटलेले डोळे, कट्टी. बाबा पुढची वीस वर्षं मला त्यावरून एक शब्द बोलले नव्हते, एक. ती बुटकी सिस्टर आता कुठली असायला! माझी तर तिच्याशी ओळखही नाही, मी फक्त तिला हात केलाय आणि एकदा केला नाही. दादाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा असा होता, जसं काही त्याने जपून ठेवलेली वस्तू आज ज्याची त्याला दिली.

"तुला आठवतं का गं ते?" त्याने विचारलं. "लहान होतीस तशी. दोन्ही हात हलवलेस ते?"

"आठवतं की," मी म्हटलं. "दोन्ही."